शेलारहून वसईस जलमार्गानें

प्रवासवर्णन लिहावयाचें तर लेखकानें निदान काशी-रामेश्वर किंवा विलायत यांपैकीं कांहीं तरी पाहिलेलें असावें, असा आमचा समज आहे. आणि म्हणूनच मॅट्रिकनंतर पाठशाळेंत शिकलेल्या संस्कृताच्या भांडवलावर अडतीस वर्षें मास्तरकी करून निवृत्त झाल्यावरही आम्ही या प्रांतांत कधीं शिरलों नाहीं. आमचें सारें आयुष्य भिवंडीनजीकच्या शेलार गांवीं गेलें. सुटींत पुणें, दोनदां नाशिक, एकदां पंढरपूर, एवढाच आमच्या देशाटनाचा व्याप. तथापि २०२६ च्या माघांत घडलेला एका दिवसाचा जलप्रवास वाचकांस सांगावासा वाटतो. अंतर म्हणाल तर मोटारीनें दीड-दोन तासांचें. आम्हांस सकाळपासून सूर्यास्तापर्यंत वेळ लागला, आणि त्यांतले तीन-सव्वातीन तास आमची होडी चिखलांत रुतून एकाच जागीं उभी होती. खरें सांगावयाचें तर त्या तीन-सव्वातीन तासांसाठींच लेखणी हातीं धरली आहे.

शेलार हें कामवारी नदीच्या कांठचें गांव. नदीनाक्याचा पूल ओलांडला कीं भिवंडी. ही कामवारी पुढें उल्हास नदीच्या खाडीस मिळते, आणि एके काळीं या वाटेनें भिवंडीस गलबतें लागत. शहरांतील बंदर मोहल्ला या नांवांत ती आठवण अजून टिकून आहे. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली व मराठी आरमाराची पहिली जहाजें याच खाडींत बांधविलीं, हें आम्ही वर्गांत दरवर्षीं मोठ्या आवेशानें शिकवीत असूं. गंमत अशी कीं, तें शिकविणाऱ्या मास्तरानें साठी उलटेपर्यंत त्या खाडींत पाय म्हणून बुडविला नव्हता.

आतां घरची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या वाड्यांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवल्या. २०१९ पासून तेथें दोन चुली आहेत, आणि माजघराच्या मधोमध प्लायवुडची भिंत आहे. आमच्या घराण्याची बहुतेक जमीन १९५७ सालीं कूळकायद्यानें कसणाऱ्यांकडे गेली, व ती न्यायानेंच गेली असें आमचे वडील स्वतः म्हणत. उरलें तें नदीकांठचें दीड एकर भाताचें खाचर. तें धाकटे बंधु पाहात. भिवंडीभोंवतालच्या गांवांत अशा खाचरांवर गोदामें कशीं उठलीं हें ठाण्याकडील वाचकांस सांगावयास नको. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवण्याची सोय म्हणून तीं आलीं; जकात २०१७ सालीं गेली, गोदामें राहिलीं. बंधूंनीं आमचें न ऐकतां तें खाचर एका गोदामवाल्यास दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें दिलें. त्या वर्षीं पितृपक्षांत, वडिलांच्या महालयाच्या दिवशीं, भटजी व चार आप्त पानावर बसले असतां आम्ही बोलून गेलों कीं, “ज्यानें बापाची जमीन विकावयास काढली त्याला बापाच्या नांवानें पाणी सोडण्याचा अधिकार उरलेला नाहीं.” विकावयास काढली हें खोटें होतें, भाड्यानें दिली होती. शिक्षकाच्या तोंडीं शब्दांची अशी चूक शोभत नाहीं. पण शब्द सुटला तो सुटला. बंधु पानावरून उठले. त्यानंतर सहा वर्षें ते आमच्याशीं बोलले नाहींत, आणि आम्हीही त्यांच्याशीं बोललों नाहीं. वडिलांची तिथि भिंतीच्या दोन्ही बाजूंस वेगवेगळी होऊं लागली. बायकांचें बोलणें मात्र कधींच बंद पडलें नाहीं. भाजीची वाटी भिंतीला वळसा घालून रोज जात-येत असे, आणि मुलें तर भिंत नसल्यासारखींच वागत. (हें सारें छापण्यास बंधूंची संमति घेतली आहे. त्यांनीं एकच शब्द बदलावयास सांगितला व तो आम्हीं बदलला आहे.)

आमच्या वडिलांची धाकटी बहीण, आमची आत्या, यंदा सत्त्याऐंशींत आहे. तिचें सासर वसईचें. यजमान वारल्यावर ती माहेरीं परत आली, आणि भिंत उठल्यापासून एक महिना आमच्याकडे व एक महिना बंधूंकडे जेवते. नातवंडांनीं नाताळच्या सुटींत घारापुरीस जाण्याचा हट्ट धरला. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या लाँचेला झालेला अपघात सर्वांच्या स्मरणांत असल्यामुळें घरांतील वडीलधारी मंडळी कचरली. तेवढ्यांत आत्या म्हणाली, “बेटेंच पाहावयाचीं तर खाडीनें वसईस चला. माझी वरात त्याच वाटेनें गेली. मरण्यापूर्वीं एकदां ती वाट पाहावयाची आहे.” आणि मग तिनें अट घातली. दोघे भाऊ बरोबर येत असाल तर येईन. एकट्यादुकट्याबरोबर मी होडींत पाऊल ठेवणार नाहीं.

म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या इच्छेपुढें कोणाचें चालतें? बंधूंनीं काल्हेरच्या एका ओळखीच्या होडीवाल्याशीं ठरविलें. दिवस मात्र आम्हीं काढून दिला, आणि पुढचा घोटाळा त्यांतूनच झाला.

समुद्रकांठच्या लोकांचा भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. चंद्र रोज सुमारें पाऊण तास उशिरां उगवतो, त्याचाच हा हिशेब. भरतीनंतर सहा तासांनीं ओहोटी पुरी होते व पाणी पुन्हां चढूं लागतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेंत येऊन उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनांत पडते व भांगाची भरती होते, म्हणजे पाणी फार चढत नाहीं आणि फार उतरतही नाहीं. २०२६ च्या प्रजासत्ताकदिनास माघ शुद्ध अष्टमी होती. सकाळीं सहाची भरती. खाडीच्या आंतल्या बाजूस ती तासा-दीड तासानें पोंचते. तेव्हां आठ वाजतां काल्हेरहून उतरत्या पाण्याबरोबर वसईस जावें आणि दुपारीं चढत्या पाण्याबरोबर परत यावें, असा आम्हीं कागदावर हिशेब मांडला. हिशेब बरोबर होता. आम्ही त्या कागदाकडे फार अभिमानानें पाहात होतों, हें मात्र कबूल केलें पाहिजे.

सारांश, २६ जानेवारीस सकाळीं आम्ही अकरा मनुष्यें काल्हेरच्या कांठीं जमलों. नातवंडांनीं शाळेचें ध्वजवंदन चुकविलें, आणि आम्हींही निवृत्तीनंतर प्रथमच चुकविलें. मास्तरानें असें छापून सांगणें बरें नव्हे, पण रेतीच्या एका होडीच्या काठीस कोणीं तिरंगा लावला होता, त्यास मुलांनीं होडींत उभें राहून वंदन केलें. होडी इंजिनाची, वर ताडपत्रीचें छप्पर. होडीवाला पन्नाशीचा आगरी गृहस्थ, कानानें थोडा जड. अर्धें आयुष्य त्यानें डुबी मारून रेती काढण्यांत घालविलें होतें. होडी नांगरून तळाशीं बांबू रोवावयाचा, त्याला धरून बुडी मारावयाची, खालीं बादली भरावयाची व वर येऊन श्वास घ्यावयाचा, असें दिवसभर. कान त्यांतच गेले, असें तो हंसत सांगत होता. त्यानें प्रत्येकास जाकीट घालावयास लाविलें. आत्यानें नऊवारीवर तें नारिंगी जाकीट चढविलें तेव्हां ती शंकराचार्यांच्या मठांतील एखाद्या यतीसारखी दिसूं लागली.

आम्ही नाळेकडे बसलों, बंधु सुकाणूंपाशीं. मध्यें नऊ मनुष्यें. अट पुरी झाली होती.

होडी सुटली तशी डाव्या हातास ठाण्याचे बाळकुम-कोलशेतकडील उंच मनोरे मागें जाऊं लागले आणि उजव्या हातास भिवंडीकडील कांठ हिरवा होत चालला. मनांत एक गोष्ट प्रथमच स्पष्ट झाली. ज्या साष्टीवर ठाणें, बोरिवली, भाईंदर वसलीं आहेत ती साष्टी हें एक बेट आहे; एका बाजूस ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूस ही वसईची खाडी, आणि तिसरीकडे समुद्र. सहासष्ट गांवांची ती षट्षष्टी, तिची साष्टी झाली असें सांगतात. मुलांस आम्हीं द्वीप शब्दाची फोड सांगितली: द्वि आणि अप्, ज्याच्या दोहों बाजूंस पाणी आहे तें, ‘अप्’ चें ‘ईप्’ होतें, अंतरीपांतही तेंच. बंधूंची नऊ वर्षांची नात, जी आम्हांस मोठे आजोबा म्हणते, तिनें विचारलें, “मग आपल्या घराला दोन्हीकडे पाणी आलें तर?” तिला पावसाळा म्हणावयाचा होता. आमच्या घराशीं २६ जुलै २००५ रोजीं खरोखरच दोन्हीकडून पाणी आलें होतें. आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

गायमुखापाशीं खाडी वळते आणि तेथून पुढें जें दृश्य दिसतें त्याची आम्हांस कल्पनाच नव्हती. डावीकडे येऊरचे डोंगर दाट झाडीसकट जवळजवळ पाण्यापर्यंत उतरतात. उजवीकडे दूर कामणदुर्ग, त्याच्या मागें तुंगारेश्वराची रांग निळसर. मध्यें शांत, मातकट हिरवें पाणी, आणि त्यांत तिवरांचीं लहान लहान बेटें. कांहीं तर एखाद्या वाड्याच्या अंगणाएवढीं. ओहोटीमुळें प्रत्येक बेटाच्या कडेस चिखलाची ओली पट्टी उघडी पडत होती व तींत बगळे एकेक पाय मोजून टाकीत होते. घोडबंदरच्या रस्त्यावर मोटारींची रांग जागच्या जागीं उभी होती. आम्ही तिच्या शेजारून, फारतर सायकलच्या वेगानें, पण न थांबतां जात होतों. मुलांनीं त्या मोटारींस हात करून निरोप दिला. हीच खाडी २०१६ च्या कायद्यानें राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाली आहे. त्या सकाळीं त्या राष्ट्रीय जलमार्गावर आमच्याखेरीज मासेमारीच्या चार होड्या व रेतीच्या दोन होड्या होत्या.

घोडबंदरचे पूल मागें पडले आणि पाणी रुंद झालें. समोर पाणजू. नायगांव व भाईंदर यांच्यामधलें हें बेट. पश्चिम रेल्वेचे पूल एका कांठावरून निघून या बेटावर टेकतात आणि पुन्हां दुसरें पाणी ओलांडून पलीकडे जातात. लोकल गाडींत बसलेल्या लक्षावधि माणसांनीं तें खिडकींतून पाहिलेलें असतें, आणि त्यांतल्या फारच थोड्यांस त्याचें नांव ठाऊक असतें. पावणेअकरा वाजले होते. आमच्या मनांत आलें कीं, मुख्य प्रवाह सोडून बेटाच्या कडेच्या अरुंद फांट्यानें जावें, म्हणजे मुलांस तिवरें जवळून दिसतील.

होडीवाला म्हणाला, “मास्तर, आंत नको. आंत गाळ हाय.”

आम्हीं कागद काढला. आज अष्टमी, भांग, पाणी फार उतरत नाहीं, शिवाय ओहोटी पुरी व्हावयास अजून तासाहून अधिक वेळ आहे. तेव्हां सुकाणूंकडून आवाज आला, “भांगाला पाणी फार उतरत नाहीं हें खरें. पण सकाळीं चढलें होतें तेंही थोडेंच. आणि गाळ कांहीं पंचांग पाहून बसत नाहीं.” सहा वर्षांत बंधूंनीं आमच्याशीं बोललेलें हें पहिलें वाक्य. तें नांव न घेतां, कोणाकडेही न पाहतां उच्चारलेलें होतें. आम्ही मास्तर, चारचौघांत आमचें गणित कोणीं खोडलें कीं आमचें काय होतें तें आमच्या विद्यार्थ्यांस विचारावें. आम्हीं होडी आंत घ्यावयास सांगितली.

पांच मिनिटांत तळाखालीं मऊ, लांबट असा आवाज झाला, जशी कोणीं कणीक थापटावी. होडी थांबली. होडीवाल्यानें इंजिन उलट फिरवून पाहिलें, बांबूनें रेटून पाहिलें, मग इंजिन बंद केलें व बिडी काढली. पाणी आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही बाजूंनीं मागें सरकत गेलें. अर्ध्या तासांत आम्ही चारी बाजूंनीं चिखलानें वेढलेलें एक बेट झालों होतों.

कोणीं आम्हांस कांहीं बोललें नाहीं. बोललें असतें तर बरें झालें असतें.

मुलांस मात्र यापेक्षां मोठी मेजवानी मिळाली नसती. चिखलावर निवट्या उड्या मारूं लागल्या. हा मासा, पण पाण्याबाहेर परांवर सरपटतो आणि माणसाकडे डोळे वटारून पाहतो. भोंकाभोंकांतून लहान खेकडे निघाले, ज्यांच्या नरांची एक नांगी अंगाएवढी असते. तिवराच्या मुळांतून हजारों खुंट्या चिखलाबाहेर उभ्या होत्या. बंधूंनीं मुलांस सांगितलें कीं, चिखलांत हवा नसते म्हणून हें झाड वर नळ्या काढून श्वास घेतें. आणि खारें पाणी पिऊन जास्तीचें मीठ पानांवाटे बाहेर टाकतें. नातीनें हाताशीं आलेल्या फांदीचें पान चाटून पाहिलें व “खारट!” म्हणून ओरडली. मग प्रत्येकानें चाटलें. आम्हींही चाटलें. खरोखर खारट. बंधूंस हें कोठून ठाऊक, असें आमच्या सुनेनें विचारलें तेव्हां ते म्हणाले, “खाचराच्या खालच्या बांधाला खारें पाणी शिरूं लागलें तेव्हां एक तिवर आपोआप उगवला. मग चौकशी केली.”

हें आम्हांस ठाऊक नव्हतें. विचारलें नाहीं, पण त्यांनीं, आमच्याकडे नव्हे तर मुलांकडे पाहून, पुढें सांगितलें. नदीचें पाणी बिघडलें, भरतीचें पाणी वर चढूं लागलें, चार वर्षें लागोपाठ भात पळींज निघालें. बियाण्याचे पैसेही सुटले नाहींत. हीं चार वर्षें आम्ही कोठें होतों? त्याच घरांत होतों. सकाळीं शाळेस जात होतों, महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार आणीत होतों व पुढें निवृत्तिवेतन. आणि तांदूळ घरचा कीं बाजारचा हें पानावर बसतांना आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.

आत्या इतका वेळ पाणजूच्या टोकाकडे पाहात होती. ती एकाएकीं म्हणाली, “इथेंच. इथेंच रुतलों होतों तेव्हांही.” मग तिनें १९५६ सालची आपली वरात सांगितली. भाताच्या पडावांतून वऱ्हाड निघालें. शीड होतें, इंजिन नव्हतें. रात्रीचें पाणी चुकलें आणि पडाव गाळांत बसला. कंदील एकच. तिला भूक लागली होती, पण नव्या नवरीनें मागावें कसें? तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे वडील, तेव्हां पंचविशींतले. ते धोतर खोंचून चिखलांत उतरले ते मांडीपर्यंत गेले. रेटून पडाव हलेना, आणि यांनाच वर ओढून घ्यावें लागलें. “अंगभर चिखल,” आत्या म्हणाली, “आणि त्या चिखलाच्या हातानें शिदोरीचा डबा उघडून पहिला लाडू मला दिला. मी तसाच खाल्ला. त्याची चव अजून येते.” आमचे वडील आम्हांस सोवळ्या-ओवळ्याचे मोठे कडक म्हणून ठाऊक. चिखलाच्या हातानें लाडू देणारे वडील आम्हीं पाहिलेच नव्हते. बंधूंनींही पाहिले नसावेत, कारण आम्ही दोघांनींही एकाच वेळीं वर पाहिलें.

दुपारचे बारा वाजून गेले. आत्यानें पिशवींतून एक पुडी काढली. तींत काळे तीळ होते. “आज भीष्माष्टमी,” ती म्हणाली. “विसरलांत?”

विसरलों नव्हतों, घरीं परतल्यावर उरकूं असा विचार होता. माघ शुद्ध अष्टमीस भीष्माच्या नांवानें पाणी सोडण्याचा प्रघात आहे. त्याला पुत्र नव्हता, म्हणून ज्याला वाटेल त्यानें त्याला पाणी द्यावें. वारस असण्याची अट नाहीं. आम्ही दरवर्षीं करतों, कारण वडील करीत. आम्हीं जाकीट उतरविलें; बुडावयाचें म्हटलें तरी त्या वेळीं पाणी नव्हतें. खाडीचें पाणी दहा हातांवर गेलेलें. आत्यानें शेलारच्या विहिरीचा, पिण्यासाठीं आणलेला शेवटचा तांब्या पुढें केला आणि बंधूंकडे पाहून म्हणाली, “तूंही ये.”

बंधु जागचे हलले नाहींत. खालीं पाहून म्हणाले, “दादा, मला चालेल का? मला अधिकार नाहीं ना?”

उपरोध असता तर सोसला असता. स्वर साधा होता. पावती मागणाऱ्या माणसासारखा. सहा वर्षें त्यांनीं तें वाक्य जसेंच्या तसें सांभाळून ठेवलें होतें. अडतीस वर्षें आम्हीं मुलांस वाक्यें पाठ करावयास लाविलीं. त्यांतलें किती जणांच्या स्मरणांत काय राहिलें कोण जाणे, पण हें एक राहिलें. आम्हांस एकदम कांहीं सुचेना. संस्कृतांत क्षमायाचनेचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत, परंतु तीं सारीं देवाची क्षमा मागण्यासाठीं रचलेलीं आहेत. धाकट्या भावाची मागण्याचें एकही आम्हांस येत नाहीं. शेवटीं आम्ही इतकेंच म्हणालों, “मी खोटें बोललों होतों. तूं जमीन विकली नव्हतीस.” आणि थोड्या वेळानें, “अधिकाराचें तर मी फारच वाईट बोललों.”

ते उठून आले. होडी एका बाजूस कलली, म्हणून होडीवाला दुसऱ्या बाजूस जाऊन बसला. आत्या तांब्यांतून पाणी घालीत होती. दोघांनीं अपसव्य केलें, दक्षिणेकडे तोंड केलें. तिकडे भाईंदरच्या इमारती होत्या आणि पुलावरून विरारची गाडी चालली होती. मंत्र आम्हीं सांगितला, बंधूंनीं मागून म्हटला. आमच्या हातचें पाणी त्यांच्या हातावरून चिखलांत पडलें. निवट्या पळाल्या. नात म्हणाली, “आतां पिण्याला पाणी नाहीं,” आणि तें खरें होतें. पुढचे तीन तास आम्ही संत्र्यांवर काढले.

दोनच्या सुमारास पाणी परत आलें. तें येतांना आवाज करीत नाहीं. निवट्यांचीं भोंकें एकेक करून भरतात, मग खुंट्या बुडतात, मग एकाएकीं होडी श्वास घेतल्यासारखी हलते. होडीवाल्यानें बांबू रोवला, आणि बंधु धोतर नव्हे पण पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून नाळेकडे रेटावयास आले. आम्हीही बाही सारून शेजारीं उभे राहिलों. आमच्या रेटण्याचा कांहीं उपयोग झाला असें आम्ही म्हणत नाहीं.

वसईविषयीं फार लिहीत नाहीं, कारण किल्ल्याचीं वर्णनें वाचकांनीं वाचलेलीं आहेत. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेला हा मुलूख. १७३७ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजांनीं साष्टी घेतली व मे १७३९ मध्यें वसई शरण आली. त्या मोहिमेंतील नवसाचें वज्रेश्वरीचें देऊळ आमच्याच तालुक्यांत आहे, म्हणून आम्हांस ती जास्त जवळची. पाण्यावरून किल्ल्याचा तट माडांच्या आडून काळा दिसतो. धक्क्याशीं भाईंदरहून येणारी मोठी बोट, जी २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाली, मोटारी उतरवीत होती. आत्या होडींतून उतरली, दहा पावलें चालली, कांठच्या एका दगडावर बसली. सासरचें घर आतां तिथें नाहीं, वाडीही नाहीं, हें तिला माहीत होतें. तिनें पहिल्याप्रथम पाणी मागितलें. मग सुकेळीं मिळतात का पाहून या, असें सांगितलें. तीं मिळालीं. पाऊण तासानें ती म्हणाली, “झालें. चला.” आम्हांस वाटलें ती रडेल. ती परतीच्या वाटेवर झोंपली.

चढतें पाणी मागून रेटीत होतें. उन्हें उतरलीं तशीं तिवरांचीं बेटें तांबूस झालीं आणि सकाळीं उघड्या पडलेल्या कडा पुन्हां बुडाल्या. आमची होडी जेथें रुतली होती ती जागा ओळखावयास आली नाहीं. परततांना आम्ही सुकाणूंपाशीं बसलों होतों, कारण नाळेकडे वारा लागत होता. बंधूंनीं खारबावच्या बाजूचा कांठ दाखवून कोठें कोणाचें खाचर होतें व तेथें आतां काय आहे तें सांगितलें. गोदामाविषयीं आमचें मत त्यांनीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही सांगितलें नाहीं; आमचें मत बदललेलें नाहीं, आणि त्यांचेंही बदललें नसावें.

काल्हेरला उतरल्यावर होडीवाल्याचें भाडें कोणीं द्यावें यावरून आमचें व बंधूंचें भांडण झालें. बऱ्याच मोठ्यानें झालें. आत्या जागी झाली व म्हणाली, “आतां बरें वाटलें.” होडीवाल्यानें दोघांकडून निम्मे निम्मे घेतले.

माजघरांतली भिंत अजून आहे. ती काढावयाची तर वरची तुळई आधीं पाहावी लागेल, असें सुतार म्हणतो. वडिलांची तिथि ज्येष्ठांत येते. परवां नात एक चिठ्ठी घेऊन आली. तींत बंधूंनीं विचारलें होतें कीं, भटजींना यंदा दोघांच्या वतीनें एकच निरोप धाडावा काय. चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहावयास आम्हीं लेखणी घेतली, मग ती ठेवली, आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलों.